तिसऱ्या क्वार्टरपासून फॉरवर्ड लाइन बसते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

मुंबईतल्या क्लब आणि ऑफिस टीममध्ये हा बिघाड हटकून सापडतो. हाफ टाइमला २-० अशी आघाडी, शेवटच्या शिट्टीला २-३. मग "पोरांना स्टॅमिना नाही" असा निकाल लागतो आणि पुढचे दोन आठवडे अख्खी टीम मैदानाला चकरा मारते. चकरा मारून हा बिघाड जात नाही, कारण बहुतेक वेळा तो पायांत नसतोच. चांगले तिघे एकाच फळीत बांधलेले असतात आणि बेंचवरच्यांना, कोणी दमला की, एकेक करून भोक बुजवायला आत पाठवलं जातं. दुसरी फळी अशी कधी उभीच राहिलेली नसते.

हे सगळं मैदानी हॉकीबद्दल आहे. बर्फावरच्या हॉकीकडून एक पद्धत उसनी घ्यायची आहे, ती पुढे येईल.

लक्षणं

सगळ्यात आधी दिसणारं लक्षण: बॉल गेला की पुढचे तिघे उभे राहून बघतात. समोरचा फुल बॅक मान वर करतो, दोन पावलं चालतो आणि निवांत हवा तिथे बॉल पाठवतो. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याला मान वर करायलाही वेळ मिळत नव्हता.

त्यानंतर डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, शिरणं कमी होतं. पहिल्या हाफमध्ये दहा-बारा वेळा डीमध्ये गेलेली टीम दुसऱ्या हाफमध्ये तीन-चार वेळाच पोचते.

दर मॅचला तोच एक फॉरवर्ड शेवटच्या दहा मिनिटांत पायात गोळा आला म्हणून बसतो.

बदली खेळाडू आत येतो, चार मिनिटांत दोनदा बॉलला स्टिक लागते, बाहेर जातो.

पेनल्टी कॉर्नर मिळतो तेव्हा पुशर, म्हणजे गोलरेषेवरून बॉल आत ढकलणारा, बेंचवर बसून पाणी पीत असतो.

आणि बेंचवरची मुलं हळूहळू प्रॅक्टिसला यायची बंद होतात. हे स्कोअरबोर्डवर दिसत नाही, पण बिघाड मुरल्याची ही खरी खूण आहे.

यातली तीन लक्षणं सलग तीन मॅचमध्ये दिसली तर पुढच्या तपासण्या करा. एका मॅचवरून फळ्या बदलू नका. एखादा दिवस सगळ्यांचाच वाईट जातो.

१. वही आणि घड्याळ

खर्च एका वहीचा. बेंचवर एक माणूस फक्त याच कामाला बसवा, कोचला हे जमणार नाही. कोण कितव्या मिनिटाला आत गेला, कितव्या मिनिटाला बाहेर आला, आत असताना सोबत कोणते दोघे होते, एवढंच लिहायचं. डीमध्ये शिरल्यावर एक उभी रेघ, पेनल्टी कॉर्नर मिळाला तर तिच्याभोवती वर्तुळ.

आता हिशेब. पुढे तीन जागा, मॅच ६० मिनिटांची, म्हणजे वाटायला १८० मिनिटं. सहा फॉरवर्ड असतील तर प्रत्येकी ३०, पाच असतील तर ३६, चार असतील तर ४५. तुमच्या वहीत एकाच्या नावावर ५६ आणि दुसऱ्याच्या नावावर ७ मिनिटं निघाली, तर बिघाड सापडला. बिघडलेल्या टीमच्या वह्यांत असेच आकडे निघतात, आणि कोचला ते वाचून खरं वाटत नाही. त्याच्या आठवणीत त्याने "सगळ्यांना खेळवलेलं" असतं.

ही तपासणी आधी का? कारण बाकी सगळ्या दुरुस्त्या या वहीवर उभ्या आहेत. वहीशिवाय केलेला बदल उपयोगी पडला की नाही, हेच कळत नाही.

सहा फॉरवर्ड असतील तर सुरुवात या साच्याने करा. पहिली फळी ५ मिनिटं, दुसरी ५, पुन्हा पहिली ५. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये उलट: दुसरी, पहिली, दुसरी. चौथ्यात पुन्हा पहिली, दुसरी, पहिली. बेरीज दोन्हीकडे ३० येते आणि शेवटची पाच मिनिटं पहिल्या फळीकडे राहतात. मॅच असा साचा कधीच पाळू देत नाही, हे खरं. पण साचा ठरलेला असला की त्यापासून किती ढळलो ते कळतं.

जुनी मंडळी म्हणतात, "आम्ही सत्तर मिनिटं सलग खेळायचो." ते खेळायचे, आणि त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगायचं तर तो खेळ वेगळा होता. गवत होतं, ऑफसाइड होता, फ्री हिटला खेळ थांबायचा. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फ आली, १९९८ मध्ये ऑफसाइड कायमचा गेला, २००९ पासून सेल्फ पास, म्हणजे फ्री हिट स्वतःलाच देऊन पुढे निघण्याची मुभा, आला. आज फॉरवर्डला श्वास घ्यायला खेळ थांबत नाही, म्हणून तो श्वास बेंचवर घ्यावा लागतो. हव्या तितक्या वेळा बदली करायची मुभा १९९२ पासून नियमात आहे; ती वापरली नाही तर समोरची टीम वापरतेच.

२. चेंज कुठून आणि केव्हा

खर्च शून्य, आणि अर्ध्या टीम इथेच दुरुस्त होतात.

नियम असा: आत-बाहेर मध्यरेषेपासून ३ मीटरच्या आतच, आणि बाहेर येणारा रेषा ओलांडेपर्यंत आत जाणाऱ्याने पाऊल टाकायचं नाही. मैदान ५५ मीटर रुंद. डगआउटमधून बघताना तुमची टीम उजवीकडे हल्ला करत असेल, तर राइट विंग तुमच्यासमोर आहे आणि लेफ्ट विंग पलीकडच्या रेषेवर. समोरच्या डीजवळून तो परत यायला निघाला तर तिरकं अंतर साठ मीटरच्या वर जातं. दमलेल्या पायांना १२ ते १५ सेकंद लागतात. तेवढा वेळ तुम्ही दहा जण, आणि भोक नेमकं त्याच्याच बाजूला. हाफ टाइमनंतर बाजू बदलतात, आता राइट विंग लांबची. बरेच कोच पहिल्या हाफची सवय दुसऱ्यात तशीच चालवतात आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये उजव्या बाजूने गोल खातात. गोल कुठल्या बाजूने बसले तेही वहीत लिहा, हे लगेच दिसेल.

उपाय: लांबच्या विंगला थेट बाहेर बोलवायचं नाही. आधी त्याने सेंटर फॉरवर्डशी जागा बदलायची, मग सेंटरमधून बाहेर यायचं. अंतर अर्धं होतं आणि पलीकडची बाजू रिकामी राहत नाही.

केव्हा? तुमचे बॅक आपसात बॉल खेळवत असताना, किंवा १५ मीटरचा हिट (समोरच्यांनी बॉल तुमच्या गोलरेषेबाहेर घालवल्यावर मिळणारा) तुमचा असताना. समोरच्यांना तुमच्या २३ मीटरच्या पट्ट्यात फ्री हिट मिळालेला असताना कधीच नाही. तिघांना एकदम बदलायचं नाही, आधी दोघे, वीस-तीस सेकंदांनी तिसरा. आत जाणाऱ्याने आधीपासून मध्यरेषेशी उभं राहायचं, जर्सी खोचलेली, माउथगार्ड तोंडात, आणि कोणाच्या जागी जातोय ते माहीत असलेला. "चेंज!" अशी आरोळी ऐकून तिघे एकमेकांकडे बघत राहतात ना, ते टाळायला नाव घेऊन ओरडा.

३. पाणी, खाणं, लोकल

दुपारच्या मॅचला, खास करून ऑक्टोबर हीटमध्ये, मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. त्यात विरार किंवा कल्याणहून निघालेला मुलगा तास-दीड तास लोकलमध्ये उभा राहून चर्चगेटच्या स्टेडियमवर पोचतो, तोही सकाळी सातचा चहा-बिस्कीट पोटात घेऊन. तिसऱ्या क्वार्टरला त्याला गोळा येणार नाही तर काय होणार?

तपासायला वजनकाटा पुरतो. मॅचच्या आधी आणि नंतर, घामेजलेले कपडे काढून वजन. दोन टक्क्यांहून जास्त घट, म्हणजे ७० किलोच्या मुलाचं १४०० ग्रॅमहून जास्त वजन उतरलं, तर त्याचं पाणी कमी पडतंय. मॅचच्या दोन तास आधी अर्धा लिटर, मग प्रत्येक ब्रेकला १५०-२०० मिली. नुसतं पाणी नको. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाने, किंवा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळायला हरकत नाही. चमचे चहाचे. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते. पोटभर जेवण तीन तास आधी. तासभर आधी केळं किंवा जॅम-पोळी. वडापाव मॅच झाल्यावर.

४. पेनल्टी कॉर्नरची माणसं

ही गोष्ट फार टीमच्या लक्षात येत नाही. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत बदली करता येत नाही. सूट आहे ती फक्त बचाव करणाऱ्या टीमचा गोलकीपर जखमी झाला किंवा कार्ड घेऊन बाहेर गेला तर. म्हणजे शिट्टी वाजली त्या क्षणी जे मैदानात आहेत, त्यांच्यातूनच पुशर, स्टॉपर (बॉल थांबवणारा) आणि फ्लिकर (तो गोलवर उडवणारा) निघाले पाहिजेत.

फ्लिकर बहुतेक बॅकमधला असतो आणि तो फारसा बाहेर येत नाही. पुशर मात्र फॉरवर्डमधला, आणि तो एकच. दुसरी फळी आत असताना मिळालेले कॉर्नर मग वाया जातात: बॉल हळू येतो, उड्या मारत येतो, स्टॉपरच्या स्टिकवरून घसरतो, तोवर पहिला रशर, म्हणजे गोलरेषेवरून सगळ्यात आधी धावून येणारा बचावपटू, अंगावर. वहीतले वर्तुळ केलेले कॉर्नर तपासा. आत कोणती फळी होती आणि गोल किती झाले, ते वेगवेगळं मोजा.

दुरुस्ती: प्रत्येक फळीत एक पुशर. शिकवायला फार अवघड काम नाही, कंटाळवाणं आहे. गोलपोस्टपासून १० मीटरच्या खुणेवरून आठवड्यातून दोनदा ४० पुश. डीच्या टोकाबाहेर स्टॉपरच्या जागी दोन कोन ठेवा, मध्ये एका स्टिकएवढी जागा. दहापैकी आठ बॉल त्या फटीतून, जमिनीला चिकटून गेले की मॅचला तयार. मागचा पाय रेषेला टेकवून खाली वाकायचं आणि बॉल स्टिकच्या वक्रात घेऊन ओढत सोडायचा, मारायचा नाही. मारलेला बॉलच उड्या मारतो.

स्टॉपरचंही दुसरं नाव हवं. तो मिडफिल्डमधला चालतो.

५. फळ्या मोडून पुन्हा बांधणं

आधीच्या चार तपासण्यांनी फरक पडला नाही तरच इथे या. हे खर्चाचं नसलं तरी मनाला लागणारं काम आहे. महिना जातो, आणि स्पर्धा सुरू असताना करू नये.

बर्फावरच्या हॉकीत हा प्रश्न नियमानेच ऐरणीवर आणलेला आहे. तिथे उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये मॅचला १८ स्केटर आणि २ गोलकीपर उतरतात. त्यातले साधारण १२ फॉरवर्ड तिघातिघांच्या चार फळ्यांत असतात आणि प्रत्येक फळी एका वेळी जेमतेम ४५ सेकंद खेळून बाहेर येते. एकाच फळीवर मॅच काढणं तिथे शक्यच नाही, म्हणून फळ्यांचा तोल हीच कोचची मुख्य कारागिरी. २०१६ च्या स्टॅनली कपमध्ये, म्हणजे त्या लीगच्या विजेतेपदासाठी, पिट्सबर्ग पेंग्विन्स या संघाकडे सिडनी क्रॉस्बी, एव्हगेनी माल्किन आणि फिल केसल असे तीन मोठे खेळाडू होते. कोचने तिघांना तीन वेगळ्या फळ्यांत ठेवलं. कप त्यांनी जिंकला, आणि प्लेऑफमध्ये संघात सर्वाधिक २२ गुण (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केसलचे होते, तेही तिसऱ्या फळीत खेळून. समोरच्या टीमला आपले सगळ्यात भक्कम बॅक नक्की कोणत्या फळीवर लावायचे, हा पेच पडतो.

तिथले कोच तिघांपेक्षा दोघांच्या जोडीचा विचार आधी करतात. जोडी टिकवायची, तिसरा बदलता ठेवायचा. हेच आपल्याला घ्यायचं आहे. ४५ सेकंदांचा वेग घ्यायचा नाही, आपलं मैदान त्यासाठी फार मोठं आहे.

जोडी अंदाजाने ठरवू नका. सहा फॉरवर्ड दोन तिकड्यांत बरोबर १० प्रकारे वाटता येतात. २३ मीटरच्या पट्ट्यात तीन फॉरवर्ड विरुद्ध दोन बॅक आणि गोलकीपर असा खेळ लावा, प्रत्येक हल्ल्याला २० सेकंद. दोन तिकड्या आलटून पालटून, दर ३० सेकंदांना एक हल्ला, प्रत्येकीला आठ संधी: एका वाटणीला ८ मिनिटं. दहा वाटण्यांना ८० मिनिटं, म्हणजे चार प्रॅक्टिसमध्ये २० मिनिटं दिली की सगळं मोजून होतं. गोलवर फटका किंवा कॉर्नर मिळाला तर एक गुण. शेवटी तिकड्यांकडे बघू नका, कोणते दोघे एकत्र असताना गुण जास्त आले ते बघा. बहुतेक वेळा एक जोडी अपेक्षेतली निघते आणि दुसरी अशी, जी कोणी कधी खेळवलेलीच नसते.

आता प्रत्येक जोडीला असा तिसरा द्या, जो जोडीत नाही ते काम करेल. कामं तीन: जागा काढून धावणारा, डीमध्ये पाठ देऊन बॉल राखत बॅकच्या पायावर लावून कॉर्नर काढणारा, आणि बॉल गेल्यावर सगळ्यात आधी धावणारा. बसणाऱ्या फळ्यांत हा शेवटचा माणूस हमखास नसतो. त्याचं काम जवळून बघा. तो सरळ बॉलवर धावत नाही. वळसा घेऊन येतो, स्टिक जमिनीलगत, आणि दोन फुल बॅकमधला आडवा पास आपल्या धावेने कापतो. फुल बॅककडे मग रेषेच्या बाजूचा एकच पास उरतो, आणि तिथे आपला विंग आधीच निघालेला असतो. विंग एक पाऊल उशिरा निघाला तर बॉल मधून जातो आणि आपले तिघेही खेळाच्या मागे पडतात. दोघांच्या सवयीचं हे काम आहे, म्हणून ओळख नसलेला बदली खेळाडू एकटा पाठवला की तो दमेपर्यंत धावतो आणि तरीही बॉल निसटतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दोन जोड्या, दोन सुटे, असे सहा झाले. पाचच फॉरवर्ड असतील तर जोड्यांतल्या चौघांना ३०-३० मिनिटं. उरलेल्या एका जागेची ६० मिनिटं पाचव्याला ३६ आणि मिडफिल्डमधल्या एकाला २४ अशी वाटा.

लेफ्ट साइडचं वेगळं बघावं लागतं. हॉकीत स्टिक फक्त उजव्या हाताचीच असते, त्यामुळे उजव्या बाजूने आत क्रॉस मारणं अंगाला सहज येतं. डावीकडून तो क्रॉस काढायला एकतर बॉलभोवती फिरावं लागतं किंवा रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, मारावा लागतो. मुलं म्हणून आपोआप उजवीकडे सरकतात आणि टीममध्ये राइट विंग चार, लेफ्ट विंग एक असं होतं. दोन्ही फळ्यांत डावीकडे मनापासून खेळणारा एकेक हवाच. नसेल तर एखादा लेफ्ट हाफ पुढे आणणं हे राइट विंगला पलीकडे ढकलण्यापेक्षा लवकर फळतं. लेफ्ट हाफला डाव्या रेषेवर बॉल घेताना अंग कसं उघडायचं ते आधीच येतं.

मोठ्या खेळाडूला हे सांगायचं ते मॅचच्या आदल्या प्रॅक्टिसला, बाजूला घेऊन. टचलाइनवरून हात हलवून बाहेर बोलावलं की त्याला काढून टाकल्यासारखं वाटतं आणि ते सगळी टीम बघते. "दादा, तुझी तीस मिनिटं नक्की आहेत. पण तीसच्या तीस पूर्ण जोरात हवीत," एवढं पुरतं. वहीतला आकडा दाखवा: त्याची शेवटची वीस मिनिटं आणि त्यात डीमध्ये किती वेळा गेला ते.

६. यादी खोल करणं

सगळ्यात वेळखाऊ तपासणी. १८ जणांच्या यादीत २ गोलकीपर, ५ बॅक, ५ मिडफिल्डर, ६ फॉरवर्ड ही वाटणी बहुतेकांना चालते. १६ चीच मुभा असेल तर ५ बॅक, ४ मिडफिल्डर, ५ फॉरवर्ड, आणि मिडफिल्डमधला एक तरी पुढे खेळू शकणारा.

मग प्रत्येक जागेसमोर तीन नावं लिहा. तिसरं नाव लिहिताना पेन जिथे थांबतं ती तुमची खरी कमजोर जागा. लेफ्ट विंग, पुशर आणि पेनल्टी कॉर्नरच्या बचावातला पहिला रशर, बहुधा यांपैकीच एक असते.

रशरची जागा किती मोलाची, ते पॅरिस ऑलिंपिकला दिसलं. ४ ऑगस्ट २०२४, ब्रिटनविरुद्धची उपांत्यपूर्व मॅच. अमित रोहिदासला १७ व्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं आणि भारत उरलेला वेळ दहा जणांनिशी खेळला. १-१ बरोबरी राखून शूटआउटमध्ये ४-२ जिंकला. ऑलिंपिकला टीम १६ चीच, एक माणूस कमी झाल्यावर उरलेल्यांची आत-बाहेर अखंड चालू ठेवली म्हणून ते जमलं. पण रोहिदास हा पहिला रशर होता आणि बंदीमुळे जर्मनीविरुद्धच्या उपांत्य मॅचला तो नव्हता. ती मॅच २-३ गेली. क्लबच्या पातळीवर रेड कार्ड क्वचित. ग्रीन कार्डची दोन मिनिटं आणि यलोची किमान पाच मात्र दर दुसऱ्या मॅचला येतात. दहा जणांत कोणते दोन फॉरवर्ड पुढे राहणार, हे आधी ठरलेलं असू द्या.

मुंबईत आणखी एक रकाना लागतो: खेळाडू कुठल्या लाइनवर राहतो. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि सहापैकी पाच फॉरवर्ड ठाणे-डोंबिवलीचे असले तर वॉर्मअपला दोघेच दिसतात. शनिवारी रात्री ब्लॉकचं वेळापत्रक बघून निघायची वेळ ग्रुपवर टाका, आणि शक्य तिथे प्रत्येक जोडीतले दोघे वेगवेगळ्या लाइनवरचे ठेवा. ऑफिस टीमला ड्युटी आणि रजा, कॉलेजच्या मुलांना मार्च ते मेच्या परीक्षा. तेही याच रकान्यात.

तिसरं नाव अंडर-एटीनमधून आणा, पण शेवटच्या पाच मिनिटांत, हरत असताना, त्याला आत टाकू नका. दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर, पक्क्या जोडीसोबत, पाच मिनिटं द्या. चूक झाली तर सावरायला अर्धी मॅच शिल्लक असते, आणि लगेच हाफ टाइमला त्याच्याशी बोलता येतं. बॉम्बे गोल्ड कपसारख्या स्पर्धेत मॅच पाठोपाठच्या दिवसांत येतात, तेव्हा ही पाच-पाच मिनिटं कामी येतात.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मांडीच्या मागे धावताना अचानक चाकू खुपसल्यासारखं दुखलं तर तो गोळा नव्हे. त्या दिवशी परत आत पाठवायचं नाही, मालिश करायची नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवायचं. दोन आठवड्यांत बरं वाटलं म्हणून थेट मॅचला घेतलेला हॅमस्ट्रिंग पुन्हा फाटतो, आणि मग पूर्ण मोसम जातो.

खेळाडू अडखळतोय, विचारलेल्याची भलतीच उत्तरं देतोय, अंग तापलेलं आहे: हा उष्माघात समजा. घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, काखेत आणि मानेला बर्फ लावा आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

धावताना छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, बेशुद्ध पडणं: डॉक्टरने तपासून लेखी सांगेपर्यंत खेळ बंद. डोक्याला बॉल किंवा स्टिक लागली तर "बरा आहे मी" यावर विश्वास ठेवू नका. त्या दिवसापुरतं बाहेर, आणि डॉक्टर.

पंधरा-सोळा वर्षांच्या फ्लिकरची कंबर एका बाजूला दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल तर फ्लिक पूर्ण थांबवा. वाढत्या वयात मणक्याच्या हाडाला ताणाने चीर जाऊ शकते. ते हाडांच्या डॉक्टरचं काम आहे, कोचचं नाही.

आणि एक खेळातलं. मिनिटं वाटली गेली, चेंज सुधारले, जोड्या बसल्या, तरी सहा मॅचनंतरही गोल तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्येच बसत असतील, तर फॉरवर्ड बदलणं थांबवा. दोष मागे आहे, मिडफिल्ड आणि बॅकमधल्या अंतरात, आणि तो डगआउटच्या उंचीवरून दिसत नाही. स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवरून मोबाइलवर दोन पूर्ण मॅच रेकॉर्ड करा आणि प्रशिक्षणाची पदवी किंवा प्रमाणपत्र असलेल्या कोचला त्या दाखवा. सोबत वही न्या, आणि गोल बसले ती मिनिटं आधीच खुणा करून ठेवा, म्हणजे त्याचा पहिला तास शोधण्यात जाणार नाही.